शेवंतीची तिसरी कुंडी

या वर्षी एप्रिलमध्ये बोगदा उघडला, आणि आशिल आला नाही.

पहिल्या गुरुवारी नोएलनं ते फारसं मनावर घेतलं नाही. ला रोशच्या जुन्या स्टेशनासमोरच्या बाकावर कॉफीचा थर्मास घेऊन तो बसून राहिला. बोगद्याच्या तोंडातून एकामागून एक सायकली बाहेर पडत होत्या, पण त्या सगळ्या परक्यांच्या. डच कुटुंबं, मागे पिवळ्या पिशव्या लटकवलेली जर्मन जोडपी, सहलीला निघालेली शाळेची पोरं. जाता जाता प्रत्येक जण "बोंझूर" म्हणायचा आणि नोएलही म्हणायचा. दिवसभरात इथे माणसाला पोटभर बोंझूर मिळतात, पण थांबत कुणी नाही. पुढच्या गुरुवारी त्यानं पुन्हा थर्मास भरला. त्याच्या पुढच्याही. मे उलटला, चेरी पिकून झाडाखाली सडल्या, तेव्हा मात्र नोएलच्या मनात पाल चुकचुकली.

या वाटेवरून पूर्वी आगगाडी धावायची. ती बंद पडली, रूळ उखडून नेले, आणि बरीच वर्षं तिथे काटेरी झुडपांनी संसार थाटला. मग सरकारला काय सुचलं कोण जाणे, झुडपं काढून त्यावर डांबर ओतलं आणि सगळी वाट सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना देऊन टाकली. मोटारीला सक्त मनाई. मोटारींच्या रस्त्यावर दोन माणसांनी शेजारी शेजारी सायकल चालवली की मागून हॉर्नच्या शिव्या ऐकाव्या लागतात. इथे दोघं जोडीनं जाऊ शकतात, गप्पा मारू शकतात, नाहीतर गप्प बसू शकतात. नोएल आणि आशिल बहुतेक वेळ गप्पच असायचे.

त्यांची ओळख झाली ती एका पंक्चरमुळे. आशिल बोगद्यातून सायकल ढकलत बाहेर आला होता, टायर जमिनीला टेकलेलं आणि तोंडात शिव्यांची माळ. नोएल नेमका बाकावर बसला होता. त्याच्याकडे ठिगळं होती, आशिलकडे सुकवलेलं सॉसेज आणि चाकू होता. टायर दुरुस्त झाल्यावर ते सॉसेज दोघांनी मिळून संपवलं आणि आशिलनं नाव सांगितलं, नुसतं आशिल. नोएलनं सांगितलं, नुसतं नोएल. पुढच्या गुरुवारी नोएल पुन्हा त्या बाकावर होता, उगाचच. आणि आशिल पुन्हा बोगद्यातून बाहेर आला, तोही उगाचच.

तेव्हापासून कित्येक वर्षं हाच क्रम. स्टेशनापासून निघायचं ते मठाच्या गावापर्यंत, आणि परत. वाटेत तो खंदकवाला किल्ला लागतो, ज्याचे पॅरिसकर मालक फक्त ऑगस्टात उगवतात. तो दिसला की आशिल म्हणायचा, "खंदक साफ करायचं नाव नाही लेकाचं." पुढे मठाच्या साधूंचं धान्याचं जुनं कोठार, मग दगडी कौलांचं बुटकं चर्च, मग कपडे धुण्याचा हौद, ज्यात आता कुणी कपडे धूत नाही आणि डच पोरं पाय बुडवून बसतात. नोएल या सगळ्याकडे बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. एकट्यानं जाताना याच वाटेवर तो मान खाली घालून चाकाकडे बघत जायचा. शेजारी दुसरं चाक फिरत असलं की मान आपोआप वर व्हायची.

पण विचारायचं म्हणून काही विचारायचं नाही. बर्गंडीतल्या या टेकड्यांमध्ये तो नियमच आहे, कुणी न घातलेला. माणूस आपणहून सांगेल तेवढं ऐकून घ्यायचं. आडनाव विचारणं, घर कुठे म्हणून विचारणं, म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलणं. आशिल बोगद्यापलीकडून येतो, एवढं नोएलला ठाऊक होतं. पलीकडे गावं चिकार. नोएल टेकडीवरून उतरतो, एवढं आशिलला ठाऊक होतं. दोघं एकमेकांना "तुम्ही" म्हणायचे आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

आणि पाच वाजले की उठायचं.

ते सुरू केलं नोएलनंच. पहिल्याच दिवशी सॉसेज संपल्यावर त्याला भीती वाटली की हा पाहुणा आता उठेल, हात मिळवेल आणि निघून जाईल, आणि आपण बाकावर राहू. कुणीतरी उठून गेल्यावर मागे राहण्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. म्हणून तोच आधी उठला आणि पँट झटकत म्हणाला, "निघतो. घरी वाट बघत असतील." घरी कुणीही वाट बघत नव्हतं. आई जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि वडील गेल्यापासून आईखेरीज त्या घरात दुसरं कुणी नव्हतंच. आशिल जरा थांबून म्हणाला, "हो. माझीही बघत असतील." एकदा तोंडातून गेलं ते गेलं. त्यानंतर दर गुरुवारी तेच. आशिलच्या घरी टेबलावर सूप वाफाळत असेल, कुणीतरी खिडकीतून वाटेकडे बघत असेल, हे चित्र नोएलनं इतक्यांदा रंगवलं होतं की त्याला त्या खिडकीचा पडदासुद्धा दिसायचा. त्याला त्याचा हेवा वाटायचा. थोडा रागही यायचा, खरं सांगायचं तर.

नोएलची स्वतःची हकीकत सांगायला फार वेळ लागत नाही. तो व्हेर्नी गावात जन्मला आणि त्याच गावात नगरपालिकेचा कामगार म्हणून म्हातारा झाला. गटारं उपसणं, कुंपणं छाटणं, नाताळात चौकात दिवे टांगणं, गावात कुणी गेलं की खड्डा खणणं, सगळं त्याच्याकडे. लग्नाचं दोन-तीनदा जुळत आलं होतं. आईनं कुठल्याही मुलीला कधी नाव ठेवलं नाही, फक्त प्रत्येक वेळी ती आजारी पडली. मुली समजायचं ते समजल्या. एक तर पोस्टातली सिमोन होती, चांगली दोन वर्षं थांबली, मग तिनं लियाँच्या एका सुताराशी लग्न केलं आणि नोएलनंच तिच्या लग्नाच्या दिवशी चर्चसमोरचा रस्ता झाडला. आई चांगली पिकलं पान होऊन गेली. तेव्हा नोएल निवृत्त होता, घर त्याचं होतं, तब्येत ठणठणीत होती आणि दिवस होते लांबच लांब. मग त्यानं आईच्या टोपलीसकट जुनी सायकल बाहेर काढली.

तर या वर्षी एप्रिलपासून हे असं चाललं होतं. जूनमध्ये त्यानं गावच्या बेकरीत येणारा पेपर मागून वाचायला सुरुवात केली. सगळा पेपर नाही, फक्त निधनवार्ता. त्यातही अडचण अशी, की निधनवार्ता आडनावांप्रमाणे लावलेल्या असतात आणि नोएलला आडनावच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्याला रोज वरपासून खालपर्यंत सगळी मेलेली माणसं वाचावी लागायची. एकदा एक आशिल सापडला. पण तो आशिल शंभरीला टेकलेला निघाला. नोएलनं सुस्कारा सोडला, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली, कारण तोही कुणाचा तरी आशिल असणार.

बोगद्यातून पलीकडे जाऊन शोध घ्यावा, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. रोज यायचं. पण शोधून करणार काय? दार वाजवायचं? दार उघडेल ती त्याची बायको. तिला काय सांगायचं, मी कोण? ती आत बोलावेल, टेबलाशी बसवेल, आणि मग कधीतरी तुम्हीही या आमच्याकडे असं म्हणावं लागेल. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? त्यापेक्षा तो बाकावर बसायचा. उन्हाळा गेला, द्राक्षांची तोडणी झाली, वाटेवर अक्रोड पडायला लागले. नोएल थर्मासमधली कॉफी एकटाच पिऊ लागला, दोन्ही कप.

ऑक्टोबर सरता सरता बोगद्याच्या तोंडाशी दरवर्षीची पाटी लागली. हिवाळाभर बोगदा वटवाघळांचा असतो. ती आत छताला लटकून झोपतात आणि त्यांची झोपमोड नको म्हणून लोखंडी फाटकं लावून घेतात, ती थेट एप्रिलमध्ये उघडतात. मृतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवसापासून बंद, असं पाटीवर लिहिलं होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेनंतर पलीकडे जायचं तर डोंगरावरच्या मोटारींच्या रस्त्यानंच जावं लागणार, आणि तो चढ नोएलच्या गुडघ्यांच्या पलीकडचा होता. नोएल त्या पाटीसमोर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण आशिलची वाट बघत नाही आहोत. तो गेलाय हे आपण केव्हाच धरून चाललोय. आता फक्त कुठे गेलाय तेवढं बघायचं राहिलंय.

सणाच्या दिवशी सकाळी चौकात जोझियाननं शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या, पांढऱ्या, पिवळ्या, विटकरी. या दिवशी प्रत्येक जण आपापल्या माणसांच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी नेऊन ठेवतो. एरवी शेवंती इथे कुणी घरात आणत नाही, आणि जिवंत माणसाला तर चुकूनही देत नाही.

"तुमच्या दोन, नोएल," जोझियान म्हणाली. "पांढऱ्या ना, नेहमीच्या?"

"तीन दे."

तिनं मान वर केली. "तीन? अगोबाई, कोण गेलं?"

"एक ओळखीचे."

"ओळखीचे म्हणजे कोण? व्हेर्नीतलं कुणी गेलं आणि मला कळलं नाही, असं होईल का?"

"व्हेर्नीतले नाहीत. आशिल म्हणून होते."

"आशिल कोण?"

नोएल खिशातली नाणी मोजायला लागला. जोझियान कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "आडनाव ठाऊक नाही आणि थडग्यावर फुलं घेऊन निघालात? तुम्ही पण कमाल करता हं. आणि ठेवणार कुठे, सगळ्या स्मशानभूमीभर थोडी थोडी वाटणार?"

"जरा मोठी बघून दे," नोएल म्हणाला.

दोन कुंड्या त्यानं आईवडिलांजवळ ठेवल्या. दगड पुसला, काडीकचरा वेचला. कोपऱ्यातल्या त्या तुकड्याकडे त्यानं नेहमीसारखंच बघायचं टाळलं. ज्यांचं कुणी नसतं त्यांना गाव तिथे पुरतं, आणि काही वर्षांनी ती जागा मोकळी करून दुसऱ्याला देतं. तिथले बरेचसे खड्डे त्यानंच खणले होते. त्या वेळी हजर असायचे फादर, नगराध्यक्ष आणि फावडं धरलेला नोएल. आईवडिलांच्या थडग्यात दोनच जागा होत्या. पुढचं काय ते नोएलला ठाऊक होतं, म्हणून तो बघायचा नाही.

तिसरी कुंडी आईच्या टोपलीत बसवून तो खाली उतरला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोगद्यात शिरला. आत ओल होती, गारठा होता, दिवे मिणमिणते. वर छताला वटवाघळांची काळी गाठोडी दिसायला लागली होती. सणाचा दिवस, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि नोएलला वाटायचं शेजारी कुणीतरी आहे. त्यानं दोनदा वळून पाहिलं. दर गुरुवारी हा माणूस एवढा अंधार तुडवून येत होता, जाताना पुन्हा तुडवत होता, आणि आपण त्याला एकदाही म्हटलं नाही की आज मी तुमच्या बाजूला येतो.  पलीकडचा उजेड दिसला तेव्हा त्यानं पेडल जोरात मारायला सुरुवात केली.

पहिल्या गावात आशिल नव्हता. तिथली स्मशानभूमी लहान, त्यानं ओळीनं सगळे दगड वाचले. लोक आपापल्या माणसांजवळ घोळक्यानं उभे होते, आणि कुंडी कडेवर घेऊन एकेक नाव वाचत फिरणाऱ्या या म्हाताऱ्याकडे वळून वळून बघत होते.

दुसरं गाव बुसी. तिथे एक जाडसर बाई गुडघ्यांवर बसून दगड घासत होती. नोएल तिसऱ्यांदा तिच्या समोरून गेला तेव्हा तिनं ब्रश बादलीत टाकला.

"कुणाला शोधताय हो?"

"आशिल म्हणून कुणी होते का इथे? सायकलवाले."

"सायकलवाले आशिल? म्हणजे लितोदोंच की," ती म्हणाली. "ते काय, भिंतीशी, सुरूच्या झाडाखाली. करडा दगड. तुम्ही त्यांचे कोण?"

नोएलनं ते ऐकलं नाही. होते, असं आपण म्हटलं आणि बाईनं त्यावर काही म्हटलं नाही, एवढंच त्याच्या कानात राहिलं. तो सुरूच्या झाडाकडे गेला. करड्या दगडाच्या पायथ्याशी कुंड्यांची दाटी होती, खालच्या ओळी त्यांच्यामागे झाकून गेल्या होत्या. वरचं मात्र स्वच्छ वाचता येत होतं. जिनेत लितोदों. त्याच्याखाली आशिल लितोदों.

दोघंही, नोएलच्या मनात आलं. बायकोसुद्धा.

त्यानं कुंडी खाली ठेवली, टोपी काढली. काय म्हणायचं असतं ते त्याला येत नव्हतं. आईच्या वेळी फादरनी म्हटलं होतं. तो नुसता उभा राहिला आणि मग, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, हळूच बोलला. "कॉफी आणत होतो मी. दर गुरुवारी. तुम्हाला वाटलं असेल आलो नाही म्हणून. आलो होतो." एवढं बोलेपर्यंत त्याला रडू फुटलं. आईच्या वेळीही तो असा रडला नव्हता. टोपी तोंडावर दाबून तो रडला.

"अहो," मागून कुणीतरी म्हणालं, "जरा लवकर आलात."

नोएल वळला. दोन कुबड्यांवर रेललेला, सणाचा कोट घातलेला, चांगलाच वाळलेला, पण आशिल. 

"बसा, बसा आधी. माझ्यावरच बसा, काही हरकत नाही," आशिल दगडाकडे हनुवटीनं खूण करत म्हणाला. "एक तर मी मेलोय, आणि तुम्हीही आता जाणार असा चेहरा झालाय तुमचा."

नोएल खरंच दगडाच्या कडेवर बसला. आशिलनं कुबडीच्या टोकानं एक कुंडी बाजूला सारली. जिनेतच्या नावाखाली दोन सालं होती. आशिलच्या नावाखाली एकच, आणि पुढे एक रेघ. रेघेच्या पुढे कोरा दगड.

"जागा ठेवलीय," आशिल म्हणाला. "फेब्रुवारीत जवळजवळ भरलीच होती. दारातल्या पायरीवर बर्फ, मी सपशेल आडवा. खुबा मोडला. दोनदा कापलं, मग चालायला शिकवणाऱ्या त्या आश्रमात सगळा उन्हाळा काढला, शेजारच्या खाटेवर एक घोरणारा निवृत्त हवालदार. देवानं शत्रूवरही आणू नये."

"मला कळवायचं नाही का?"

"कुणाला कळवू?" आशिलचा आवाज एकदम चढला. "पाकिटावर लिहू काय मी? श्रीयुत नोएल, निळी टोपी, बोगद्याच्या अलीकडे? नर्सला सांगितलं, माझे एक मित्र आहेत. तर म्हणे, नाव द्या, फोन करते. मी म्हटलं नोएल. म्हणे, पुढे? मी म्हटलं पुढे माहीत नाही. तिनं डॉक्टरांना सांगितलं, म्हातारा भ्रमात बोलतोय."

नोएलनं डोळे पुसले. हसावं की काय करावं ते त्याला कळेना. "मी पेपर वाचत होतो," तो म्हणाला. "रोज. मेलेल्यांचा."

"सापडलो?"

"एक सापडला. शंभरीचा."

"तो आमचा चुलता," आशिल म्हणाला. "शेवटपर्यंत वाईन सोडली नाही."

आशिलही दगडावर टेकला, आणि दोघं नेहमीसारखे गप्प बसले. वारा सुटला होता, सुरूच्या झाडातून गळणारे बारीक काटे शेवंतीवर पडत होते. मग नोएलची नजर पुन्हा दगडावर गेली आणि या वेळी त्यानं जिनेतच्या नावाखालचं दुसरं साल नीट वाचलं. पुन्हा वाचलं. ती दोघांच्या ओळखीच्याही आधी गेलेली होती. पंक्चरच्या आधी.

"मग घरी वाट कोण बघत होतं तुमची?" त्यानं विचारलं. आयुष्यात त्यानं आशिलला घराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

आशिल ओशाळला. कुबड्यांच्या मुठी उगाच चाचपत राहिला. "कुणी नाही. तुम्ही म्हणालात म्हणून मी म्हणालो. तुमचं माणूस दारात उभं असणार, सूप गार होत असणार, आणि मी काय म्हणू, की बसा अजून थोडं? बरं दिसलं असतं का? आणि माझं कुणी नाही हे सांगितलं असतं, तर तुम्ही दया म्हणून बसला असतात. मला दया नको होती."

 पाचच्या ठोक्याला उठण्यासाठी नोएलनं इतकी वर्षं घड्याळाकडे डोळे लावले होते, आणि हा माणूस अंधाऱ्या बोगद्यातून एकटा परत जाऊन रिकाम्या घरात एकटा जेवत होता. दर गुरुवारी. आणि तो स्वतःही तेच करत होता, टेकडीच्या वर. उन्हाळ्यात तर दहापर्यंत उजेड असतो इथे. पाच तास. प्रत्येक गुरुवारचे पाच तास त्यानं दोघांच्याही पानातून काढून घेतले होते. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

आशिलला वाटलं तो दमलाय. "सायकल आता संपली माझी," विषय बदलल्यासारखं तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, पुन्हा पडलात तर थेट सुरूच्या झाडाखाली. आणि उद्यापासून बोगदा बंद. तुम्ही काही डोंगरावरून यायचे नाही."

"येईन."

"त्या चढानं? मोटारींच्या रस्त्यानं, तुमच्या गुडघ्यांनी? सोडा हो."

"ढकलत येईन," नोएल म्हणाला.

आशिलनं त्याच्याकडे बघितलं आणि वाद घातला नाही. कुबडी लांब करून त्यानं नोएलची कुंडी इतरांच्या पुढे, मधोमध ओढून घेतली. "मोठी आणलीत," तो म्हणाला. "चांगली आहे. जिनेतला पांढरी आवडायची." मग दगडाच्या उजव्या बाजूला, जिथे काहीच कोरलेलं नव्हतं, तिथे त्यानं कुबडी टेकवली. "आत तीन जागा आहेत. जिनेतनं घेतल्या होत्या. तिसरी तिच्या बहिणीसाठी. पण बहीण पडली एका दातांच्या डॉक्टरच्या प्रेमात आणि गेली बोर्दोला. ती काही आता येत नाही. तशीच पडून आहे जागा." तो थांबला. "तुमची सोय असेलच म्हणा. तुमच्या माणसांजवळ."

नोएलच्या डोळ्यांसमोर व्हेर्नीचा तो कोपरा आला, फादर, नगराध्यक्ष आणि फावडं धरलेला कुणी दुसरा. आता बोललो नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

"माझी माणसं नाहीत," तो म्हणाला. "कधीच नव्हती. आई होती, ती तुम्ही भेटण्याआधी गेली. मी खोटं बोललो. आधी उठून जायला मिळावं म्हणून."

 आशिल समोरच्या भिंतीकडे बघत राहिला आणि त्याचा जबडा हलत होता. नोएलला वाटलं, आता हा उठेल आणि कुबड्या घेऊन निघून जाईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

"गाढव आहात," शेवटी आशिल म्हणाला. "आणि मी दुसरा." त्यानं नाक पुसलं, रुमाल घडी करून खिशात घातला, आणि एकदम कामाचं बोलायला लागला. "दगडवाला सणानंतर येतो, रेघ नीट करून घ्यायची आहे माझी. तेव्हाच तुमचंही सांगून टाकतो. नाव बोला. पूर्ण."

"पेराशों."

"पूर्ण म्हटलं ना मी."

"नोएल क्लोद मारी पेराशों."

"मारी?"

"आजीचं नाव."

आशिल हसला नाही. विसरू नये म्हणून माणूस म्हणतो तसं, एकेक शब्द सावकाश, त्यानं ते मोठ्यानं म्हटलं, "नोएल क्लोद मारी पेराशों." आई गेल्यापासून हे नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. नोएलनं टोपी हातात गच्च धरली होती.

"पुन्हा एकदा म्हणा," तो म्हणाला.